चेअरमनच्या घशाची कोरड

२ एप्रिल १९८७, गुरुवार

आजपासून रोजनिशी. दूध सोसायटीच्या चेअरमननं स्वतःच्या नोंदी ठेवायलाच पाहिजेत. पुढंमागं कुणी सोसायटीचा इतिहास लिहील. मात्र मी जिवंत असेपर्यंत कुणाला वाचायला द्यायची नाही. गावाची तेवढी लायकी नाही.

मेव्हणा शिवप्पा अमेरिकेहून आला. सोबत एक जड पेटी. मला वाटलं टेपरेकॉर्डर. निघालं मशीन. झोपताना नाकावर रबरी मास्क बांधायचा आणि मशीन रात्रभर नळीतून नाकात हवा मारणार. कारण काय, तर झोपेत माझा श्वास अडकतो. हे सांगितलं कुणी? हिनं. माझ्या पाठीमागं भावाला आठ पानी पत्र टाकलं. जानेवारीत माझी राजदूत फटफटी खड्ड्यात गेली तेसुद्धा लिहिलं. भर दुपारी, डुलकी लागून, असं लिहिलं! डुलकी वगैरे काही नव्हती. रस्ता डावीकडं वळला, मी सरळ गेलो. एवढंच.

शिवप्पाला स्वतःला हाच आजार. दोन वर्षं मशीन लावतो. आता त्यानं नवं घेतलं आणि जुनं मला आणलं. अशी माणसं.

३ एप्रिल. सकाळी ७

पहिली रात्र. अमेरिकेचा करंट निराळा म्हणून मशीनला आणखी एक ट्रान्सफॉर्मर. दोन्ही मिळून पिठाच्या गिरणीसारखा आवाज. मला त्रास झाला नाही. मन स्थिर असलं की आवाजाचं काही वाटत नाही.

फक्त उठल्यावर जीभ टाळूला चिकटलेली. ओठ चिरलेले. घशात कडबा कोंबल्यासारखं. ‘चहा’ म्हणायचं होतं, आवाज आला ‘खा’. ही म्हणाली, ‘काय खाऊ?’

५ एप्रिल

शिवप्पा गेला. जाताना भाषण देऊन गेला. म्हणाला, ‘दाजी, सुरुवातीला कोरड पडतेच. घाबरून सोडू नका. तीन गोष्टी करा. मशीनला ही काचेची बाटली जोडायची, तिच्यात उकळून गार केलेलं पाणी घालायचं, म्हणजे हवा ओली होऊन येते. हनुवटीला हा पट्टा बांधायचा, म्हणजे तोंड उघडत नाही. आणि निजायच्या आधी मिठाच्या कोमट पाण्याचे थेंब नाकात.’

मी त्याला शांतपणे सांगितलं की बहात्तरचा दुष्काळ काढलेला माणूस आहे मी. मला कोरडेपणाचं शिकवू नकोस. त्यावर म्हणतो, ‘दाजी, बहात्तरला तुम्ही रात्रभर नाकात वारं भरून घेत नव्हता.’ उर्मट. परदेशात राहून जीभ लांब होते.

पट्टा तर बघवत नाही. मयताची हनुवटी बांधतात तसला प्रकार. शिवाय मी तोंड मिटूनच झोपतो. ही म्हणते, ‘सव्वीस वर्षं बघतेय, विहिरीसारखं उघडं असतं.’ बायका अतिशयोक्ती करतात.

निर्णय: बाटली नाही, पट्टा नाही, थेंब नाहीत. शरीराला सवय लावायची. आठ दिवस.

९ एप्रिल

घसा तसाच. पण नियम मोडला नाही. रोज रात्रभर मास्क.

सकाळी मास्क मात्र खाटेखाली सापडतो. अमेरिकन इलॅस्टिक निकृष्ट. शिवप्पाला पत्र लिहून कळवायला हवं.

१० एप्रिल

सोसायटीत संचालकांची मीटिंग. चारा छावणीचा विषय. निम्म्या म्हशी आटल्या, तरी वरच्या, तालुक्याच्या डेअरीला दूध गेलंच पाहिजे, वगैरे. श्रीपती व्हाइस चेअरमन. सोसायटी आपल्याच अकलेवर चालते असा त्याचा समज. तो बोलत असताना मी डोळे मिटून विचार करत होतो. उघडले तर सगळे चहा पिऊन कप ठेवत होते. माझा चहा गार. आमचा सेक्रेटरी पिराजी वाघमारे हळूच म्हणाला, ‘साहेब, उठवावं का न्हाय, कळंना.’ पोरगा बी. कॉम. आहे, काम चोख, पण विचार करणं आणि झोपणं यातला फरक कॉलेजात शिकवत नाहीत.

१६ एप्रिल

नवा उपाय. माझा स्वतःचा. आयुर्वेदात सगळं आहे, अमेरिकेला ते आत्ता कळतंय. झोपताना नाकात तुपाचे थेंब. दोन्ही नाकपुड्यांत पाच-पाच. तोंडात खडीसाखर, म्हणजे लाळ सुटत राहील. साधं शास्त्र.

१७ एप्रिल

तुपानं मास्क घसरून कपाळावर गेला. रात्रभर हवा टकलाला. खडीसाखरेमुळं मिशीत मुंग्या. ही हसली नाही. उलट मुंग्या काढताना रडवेली झाली होती. मी म्हणालो, एवढं काय, मुंग्याच आहेत. ती कानडीत काहीतरी पुटपुटली. तिला राग आला की कानडी येतं. मला सगळं कळतं, मी दाखवत नाही.

२५ एप्रिल

शिवप्पाच्या मशीनसोबतचं पुस्तक वाचून काढलं. चाळीस पानं. इंग्रजी सोपं आहे. पाण्याच्या बाटलीची सहा पानं सोडली. ती आपल्याला लागू नाहीत.

विचार केला. हवा ओली पाहिजे हे मी आधीपासूनच म्हणत होतो. पण त्यासाठी बाटली कशाला? तुळजापूरच्या लॉजमध्ये उन्हाळ्यात खिडकीला ओलं पोतं लावतात. गारेगार. तेच इथं. मशीनवर ओलं पोतं टाकायचं. देशी पद्धत.

२६ एप्रिल

पोतं सरकी पेंडीचं निघालं. रात्रभर पेंड हुंगली. स्वप्नात मी गोठ्यात बांधलेला होतो आणि श्रीपती धार काढायला बसला होता. घसा मात्र थोडा बरा. निदान मला तसं वाटलं, दुपारपर्यंत.

पोतं दोनदा भिजवावं लागलं. एक घागर संपली.

२ मे

टँकर आता तिसऱ्या दिवशी. घराला तीन घागरी. त्यातली एक पोत्याला. ही म्हणाली, ‘बाटलीला एक तांब्या पाणी लागतंय. तुम्ही घागर घालवताय. मी दोन तास रांगेत उभी असते.’ मी म्हणालो, मुद्दा पाण्याचा नाही, तत्त्वाचा आहे. तिनं विचारलं, ‘कोणतं तत्त्व?’ मी सांगणार होतो, तेवढ्यात मला खोकला आला.

शेजारच्या भिमाबाईनं हे भिंतीपलीकडून ऐकलं. गावात आता चर्चा आहे. माझ्या प्रयोगाचं कौतुक असणार. पारावरून गेलो की लोक बोलायचे थांबतात.

११ मे

हिनं आज पाणी द्यायला साफ नकार दिला. सुट्टीला आलेल्या नातीचं पोट बिघडलंय, तिला पाणी पाहिजे, म्हणाली. बरोबर आहे. मी माणुसकी सोडलेली नाही. घरातल्या पाण्याला यापुढं हात लावायचा नाही, हा पक्का निश्चय.

दुसरा मार्ग काढला. दुधाचे कॅन धुवायला सोसायटीला वेगळा टँकर येतो. त्यातला एक कॅन भरून पाणी रोज संध्याकाळी घरी पाठवायचं. चेअरमनची प्रकृती हा सोसायटीचाच विषय आहे. पिराजी म्हणाला, ‘साहेब, कॅन धुवायला पाणी आधीच कमी पडतंय. तुम्हाला प्यायला पाहिजे असलं तर माझ्या घरचं देतो.’ मी म्हणालो, प्यायला नको, नाकाला पाहिजे. तो बराच वेळ माझ्या नाकाकडं बघत राहिला. शेवटी पाठवलं. भला माणूस आहे, पण दृष्टी नाही.

२० मे

पोतं आता सतत ओलं. घसा? खरं लिहायचं तर तसाच. सकाळी जीभ वाळलेल्या चामड्यासारखी. आवाज बसलेला असतो, तो दहा वाजता उठतो. पण मी लोकांना उलट सांगतो. पुढाऱ्यानं धीर दाखवायचा असतो.

मास्क आज माळ्यावर सापडला. माळ्यावर! ही म्हणते, ‘रात्री तुम्हीच उठून फेकला. रोजच फेकता. अर्ध्या तासाच्या वर एकदा सुद्धा ठेवला नाही.’ हे मला मान्य नाही. मी झोपेत असताना मी काय करतो हे मला माहीत नाही, तर हिला कसं माहीत?

२१ मे

वरच्या डेअरीनं चार कॅन दूध परत पाठवलं. नासलेलं. कॅन नीट धुतलेले नव्हते, असा शेरा. श्रीपतीनं सगळ्यांसमोर विचारलं, ‘धुवायचं पाणी कुठं गेलं?’ पिराजीनं रजिस्टर उघडून त्यात डोकं घातलं. मी म्हणालो, चौकशी करू. 

म्हातारी सरुबाई, जिची एकच म्हैस अजून दूध देते, ती परत आलेला कॅन बघून खालीच बसली. तिचं दूध इतरांच्या दुधात मिसळलेलं, ते कुठलं वेगळं काढणार? म्हणाली, ‘माझ्या म्हशीचं न्हाय नासत. मी तिला माझ्या वाटचं पाणी पाजते.’ मी तिला धीर दिला. तिनं तो घेतला नाही.

आजपासून कॅन घरी आणणं बंद. कुणी म्हटलं म्हणून नाही. मला पोत्याचा वासच नको झालाय.

२९ मे

नोटीस. श्रीपतीनं माझ्यावर अविश्वास ठराव आणलाय. अकरापैकी सात सह्या. पाच जूनला सभा. सहकार खात्याचे साहेब येणार. कलम काय, तर ‘धुण्याच्या पाण्याचा खाजगी नाकासाठी वापर’. खाजगी नाक! यांना ना मराठी येत ना सहकार.

घाबरण्याचं कारण नाही. मी बोलायला उभा राहिलो की सातातले चार इकडं येतात. सव्वा तासाचं भाषण तयार करतोय. त्यात श्वासाचा मुद्दाच नाही. दुष्काळ, सहकार, त्याग.

१ जून

भाषणासाठी आवाज पाहिजे, आणि मशीननं आवाज बसतो. म्हणून सभेपर्यंत मशीन बंद. चार रात्री काय फरक पडतोय? तसंही मी आता बरा झालोय असं मला वाटतं. दोन महिने इच्छाशक्ती लावली तर आजार राहील कशाला? शिवप्पाला ती नाही, म्हणून त्याला मशीन लागतं.

हिनं मशीन पुसून कपाटावर ठेवलं. तिच्या डोळ्यांखाली काळं पडलंय. उन्हाळा फार आहे.

३ जून

आवाज खणखणीत! भाषण म्हशींसमोर म्हणून पाहिलं. चांगला परिणाम. दुपारी जेवताना ताटावर किंचित डोळा लागला. मिशीला आमटी लागली, इतकंच.

५ जून. सकाळी

नेहरू शर्ट, टोपी. सभा अकराला. भाषण खिशात. रात्री नऊ तास झोपलो, तरी डोकं जड आहे. ते जबाबदारीमुळं.

आज श्रीपतीला कळेल की तो कुणाशी बोलतोय.

५ जून. संध्याकाळी

जसं झालं तसं लिहितो. पुढं कुणी वेगळं सांगेल.

सोसायटीच्या हॉलमध्ये गर्दी. बाहेरसुद्धा माणसं. आत पुढं संचालक, मागं सभासद, दाराशी बायका. त्यात ही सुद्धा येऊन बसली होती. सरुबाई आली होती. साहेब खुर्चीवर, शेजारी मी. पंखा डोक्यावर. आधी साहेबांनी कलम वाचलं. मग श्रीपती उठला. त्यानं सुरुवात केली, ‘मी काय लई शिकलेला माणूस न्हाय.’ हे पहिलं खरं वाक्य, असा विचार माझ्या मनात आला. पुढं काय बोलतोय ते नीट ऐकावं म्हणून मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा हॉल रिकामा. साहेबांची खुर्ची रिकामी. पंखा बंद. एकटा पिराजी सतरंजीच्या टोकावर बसलेला. मी खुर्चीत होतो, त्यामुळं त्याला सतरंजी गुंडाळता येत नव्हती.

मी खिशातलं भाषण काढलं. म्हणालो, चला, माझी पाळी. 

पिराजी म्हणाला, ‘साहेब, झालं.’

‘काय झालं?’

‘ठराव. पास झाला. एकमतानं.’

‘एकमतानं कसा? मी विरोधात आहे!’

तो खाली बघून म्हणाला, ‘खात्याच्या साहेबांनी इचारलं, ठरावाच्या बाजूनं कोण. हात वर झाले. तेवढ्यात तुम्ही दचकलात आन् तुमचा बी हात वर झाला. साहेबांनी मोजला. म्या म्हणलं, ते झोपेत हायती. साहेब म्हणाले, हात तर वर हाय.’

‘मग मला उठवलं का नाही कुणी?’

‘श्रीपती म्हणाला, नका उठवू. थकलाय माणूस.’

त्यानं माझ्या हाताला धरून उठवलं. टोपी खाली पडली होती, झटकून दिली. घशात इतकी कोरड होती की त्याला जा म्हणायचं होतं तेही जमलं नाही. त्यानं त्याच्या तांब्यातलं पाणी दिलं. सगळं प्यालो.

घरी आलो. ही चुलीपुढं. मी म्हणालो, तू दाराशीच होतीस ना? सगळ्या गावानं तमाशा बघितला, तू तरी हाक मारायचीस.

तिनं भाकरी तव्यावर टाकली, मग बोलली. ‘उठलेच होते. दोन माणसं ओलांडून पुढं आले. तेवढ्यात तुमचा श्वास थांबला. मग तिथंच उभी राहून ऐकत बसले, येतोय का नाही. लई वेळ आला नाही. आला, तो हात घेऊनच आला. मला वाटलं, चला, आला तर खरा. ठराव-बिराव मला काय कळंना.’

मी म्हणालो, एवढ्या माणसांत तुला माझा श्वास ऐकू आला?

ती म्हणाली, ‘सव्वीस वर्षं रात्री तेच करते. थांबला की उठून बसते. आला की आडवी होते. परत थांबतो. मी झोपते कधी हे तुम्ही एकदा तरी विचारलं का?’

मी टोपी खुंटीला अडकवायला गेलो. दोनदा खाली पडली.

५ जून. झोपताना

कपाटावरून मशीन मीच उतरवलं. बाटली कुठं आहे ते मला माहीत नव्हतं. तिनं ती दोन महिने ट्रंकेत, लुगड्यात गुंडाळून ठेवली होती. पाणी उकळून गार केलेलं तयारच होतं. रोज करून ठेवत होती म्हणे. मी विचारलं नाही म्हणून तिनं सांगितलं नाही.

नाकात थेंब. बाटली जोडली. मास्क. मग पट्टा. आरशात बघितलं नाही. तिनं पट्टा बांधताना विचारलं, ‘आवळला का?’ पट्ट्यामुळं मला बोलता येईना. तिला बरंच वाटलं असणार.

६ जून. सकाळी

सहा वाजता उठलो. जीभ सुटी. घसा ओला. ‘चहा’ म्हणून पाहिलं, ‘चहा’च आलं. मास्क नाकावर जागच्या जागी. अर्थात हवामानही बदललंय, त्याचाही भाग असेल.

चहा मात्र आला नाही. ही झोपलेली. सव्वीस वर्षांत ही सूर्य वर आल्यावर झोपलेली मी पाहिली नाही. एक हात उशाखाली, तोंड भिंतीकडं. दोनदा खाकरलो. हललीसुद्धा नाही. मग मीच वाकून श्वास चालू आहे का ते ऐकलं. होता. एकसारखा. बराच वेळ ऐकत उभा राहिलो.

साडेसातला दार वाजलं. भिमाबाई. डोक्यावरचा पदर नीट केलेला, चेहरा सुतकी, मागं शेजारच्या दोन बायका. मला बघून तिघी दचकल्या. भिमाबाई म्हणाली, ‘अप्पा, रातभर घोरल्याचा आवाज आला न्हाय. काल तसं झालेलं, म्हणलं माणसानं मनाला लावून घेतलं की काय. म्हणून बघायला आले.’ मी म्हणालो, मी ठणठणीत आहे. ती म्हणाली, ‘बरं हाय मग.’ त्यांतली एक बाई शेतावर जायचं टाकून आली होती, ती जरा नाराज दिसली.

जाताना भिमाबाईनं सांगितलं की टँकर आलाय, महानंदाला पाठवा. मी म्हणालो, ती झोपलीय. तिघींनी एकमेकींकडं पाहिलं. मग भिमाबाईनं कोपऱ्यातली घागर उचलून माझ्या हातात दिली.

रांगेत माझा नंबर एकोणचाळिसावा. पुढं सरुबाई. कालपासूनचा चेअरमन श्रीपती टँकरवर देखरेखीला उभा. म्हणाला, ‘या अप्पा. नाकाला का प्यायला?’ सगळी रांग हसली. मीही हसलो, म्हणजे खेळीमेळीनं घेतलं. सरुबाई हसली नाही. तिनं माझी घागर नळीखाली सरळ धरली, कारण मी ती वाकडी धरली होती आणि पाणी वाया चाललं होतं.

घागर खांद्यावर जमेना, डोक्यावर जमेना. शेवटी पोटाशी धरून आणली. निम्मी धोतरावर. उरलेल्यातलं तांब्याभर उकळायला ठेवलंय. चूल पेटत नाही. धूर झाला. डोळे चुरचुरतायत.

साडेनऊ झाले. ही अजून झोपलेलीच. उठवावं म्हणून दोनदा गेलो. पण उठवलं तर तिला कळेल की पाणी मी आणलं, आणि मग ते रोजचंच होऊन बसेल.